छोट्या वायनरीत टेस्टिंगला जाताय? खान्देशातून निघण्याआधी एवढं पाहून घ्या

द्राक्षांचा हंगाम जवळ आला की जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूरकडच्या वाचकांचे प्रश्न येऊ लागतात आणि त्यांतले बहुतेक एकसारखेच असतात. न कळवता गेलं तर चालतं का? चव घेतल्यावर बाटली घ्यावीच लागते का? सोबत मुलं असली तर? परवाना लागतो म्हणतात, तो कुठे मिळतो? परत येताना गाडी कोण चालवणार, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर तो सगळ्यांत आधी विचारायला हवा.

मोठ्या, प्रसिद्ध वायनरीत गेलात तर यातलं बरंचसं तिथली माणसं सांभाळून घेतात. तिथे तिकीट असतं, ठरलेल्या वेळेच्या फेऱ्या असतात, उपाहारगृह असतं. कुटुंबाने चालवलेल्या छोट्या वायनरीचं तसं नसतं. जो माणूस तुम्हाला वाइन ओतून देतो, त्यालाच त्या दिवशी तोडणीचे मजूर, टाकीचं तापमान आणि बाटल्यांची गाडी बघायची असते. त्यामुळे तयारी आपण करून जायची.

आधी ठिकाण पक्कं करा

आपल्याकडे केळी आणि कापूस. वाइनची द्राक्षं पाहायची तर आपल्याला सगळ्यांत जवळचा पट्टा नाशिक जिल्ह्यातला: निफाड, दिंडोरी, नाशिक आणि इगतपुरी तालुके. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क केले, आणि पुढच्या काही वर्षांत अनेक बागायतदारांनी कर्ज काढून स्वतःच्या वायनरी उभ्या केल्या. मग २००९ च्या सुमाराची मंदी आली. माल पडून राहिला, कित्येकांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटल्या, काही वायनरी बंद पडल्या, तर काही मोठ्या कंपन्यांकडे गेल्या.

हा इतिहास इथे सांगायचं कारण अगदी व्यावहारिक आहे. पाच-सात वर्षांपूर्वीची एखादी यादी हातात घेऊन निघालात, तर दारावर कुलूप दिसू शकतं किंवा पाटी तीच पण मालक वेगळा असू शकतो. गंगापूर-सावरगाव रस्त्यावरची यॉर्क वायनरी हे त्याचं ठळक उदाहरण. गुरनानी कुटुंबाने ती उभी केली आणि आपल्या तीन मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव ठेवलं. २०२१ मध्ये ती शेजारच्याच सुला कंपनीने घेतली. दिंडोरीकडची चारोसा वायनरी ग्रोव्हर झाम्पा कंपनीकडे गेली. तिथे जाऊ नका असा याचा अर्थ नाही. कुटुंबाची वायनरीच पाहायची इच्छा असेल, तर आज तिथे काम कोण पाहतं एवढं आधी विचारून घ्या.

दोन ठिकाणांची नावं सांगतो. पहिलं निफाडला लागून असलेल्या कुंदेवाडीचं. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रात निफाडचा पारा किती उतरला ते छापून येतं. ती नोंद होते याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. तिथे पाटील कुटुंबाची ‘रेव्हेलो’ ही वायनरी आहे. नेरो द’आवोला आणि ग्रिलो या इटलीतल्या सिसिली बेटावरच्या जाती त्यांनी निफाडच्या मातीत लावल्या आणि त्यांची वाइन काढली. रात्रीच्या थंडीमुळे द्राक्षातली आंबट धार टिकते. खान्देशच्या उन्हात गोडी भरपूर उतरेल, पण ती धार राहणं कठीण. आपल्याकडे वायनरी का दिसत नाहीत, याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

दुसरं ठिकाण इगतपुरी तालुक्यातलं, संजेगावचं ‘व्हॅलोने’. मुकणे धरणाच्या पाण्याकाठची ही छोटी वायनरी आहे. बाग, तळघर आणि राहण्याच्या मोजक्या खोल्या एकाच आवारात. मुक्काम करायचा असेल तर ही सोय मोलाची आहे.

तुमच्यापैकी कुणी कधीच टेस्टिंगला गेलं नसेल आणि सोबत दहा-बारा जण असतील, तर पहिली भेट मोठ्या ठिकाणी दिलेली बरी. छोट्या वायनरीत दोन ते सहा जणांचा गट शोभतो आणि बोलणंही नीट होतं.

कधी जावं?

वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. या दिवसांत गेलात तर घड वेलीवर, क्रेट वजनकाट्यावर आणि रस टाकीत, असं सगळं एकाच सकाळी पाहायला मिळतं. पण यजमानांकडे वेळ सगळ्यांत कमी असतो तोही याच दिवसांत. म्हणून आठवड्याच्या मधला दिवस आणि सकाळची वेळ मागा. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग उघडी-बोडकी दिसते. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, पण घड नसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पुन्हा फळधारणा सुरू होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा छान असते आणि मालकही बोलायला मोकळा असतो. शांतपणे बसून समजून घ्यायचं असेल तर मी याच दोन महिन्यांची शिफारस करीन.

कॅलेंडर पाहताना कोरडे दिवस लक्षात ठेवा. २६ जानेवारी हा नेमका तोडणीच्या मोसमातला आणि जोडून सुट्ट्यांचा दिवस. त्या दिवशी वाइन मिळत नाही. ३० जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशीचंही तेच. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस धरून चाला. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठली ना कुठली निवडणूक असतेच, तेव्हा तुमच्या गावापेक्षा त्या तालुक्यात काय चाललं आहे ते विचारा.

फोनवर काय विचाराल?

निदान आठवडाभर आधी फोन करा. बोलणं झाल्यावर ठरलेल्या गोष्टी संदेश पाठवून लेखी करून घ्या. पुढे वाद झालाच तर तो संदेश कामाला येतो.

- टेस्टिंगचे माणशी किती रुपये? त्यात किती वाइन आणि प्रत्येकी किती मिली?
- बाग आणि टाक्यांची फेरी त्यातच धरली आहे की वेगळी?
- बाटल्या घेतल्या तर टेस्टिंगचं शुल्क वजा होतं का?
- आगाऊ रक्कम किती, आणि येणं रद्द झालं तर परत किती?
- सोबतचा कुणी चव घेणार नसेल, तर त्याचेही पैसे लागतात का?
- मुलांना आवारात येऊ देता का?
- जेवण मिळतं का? शाकाहारी, जैन जेवण सांगून ठेवावं लागतं का?
- एक दिवसाचा परवाना तिथेच मिळतो का?
- गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना पायऱ्या किती चढाव्या-उतराव्या लागतील?

जेवणाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. छोट्या वायनरीत स्वयंपाकघर असेलच असं नाही, आणि रिकाम्या पोटी पाच-सहा वाइनची चव घेणं केव्हाही वाईट. घरचा डबा चालतो का, हेही मोकळेपणाने विचारा. काही ठिकाणी झाडाखाली बसून खायला हरकत नसते.

गाडी चालवणारा आधी ठरवा

धुळ्याहून नाशिक मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत असा रस्ता. कुंदेवाडीला जायचं तर पिंपळगावहून निफाडकडे वळता येतं. जळगावहून धुळेमार्गे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे जाऊन-येऊन तीनशे ते पाचशे किलोमीटर, आणि परतीला चांदवडजवळचा राहूड घाट बहुधा अंधारात.

आता आकडे पाहा. टेस्टिंगमध्ये एका वाइनचा घोट साधारण ३० मिलीचा असतो. अशा सहा वाइन म्हणजे १८० मिली. वाइनमध्ये मद्यार्क सुमारे १३ टक्के धरला, तर पोटात साडेअठरा ग्रॅमच्या आसपास शुद्ध मद्यार्क जातो. ‘नुसती चव तर घेतली’ असं वाटतं, पण शरीराच्या हिशेबी हे भरलेल्या मोठ्या ग्लासाएवढं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि पोलिसाने पकडलं नाही तरी घाट तिथेच असतो.

तुमच्यापुढे चार पर्याय आहेत:

- चालक ठरवून गाडी भाड्याने घ्या. त्याच्या जेवणाची आणि बसण्याची सोय काय, तेही वायनरीत विचारा. त्याला दिवसभर उन्हात गाडीत बसवून ठेवू नका, आणि ‘तूही घे थोडी’ असा आग्रह तर मुळीच नको.
- घरातला एक जण चव न घेणारा ठरवा. ठरवायचं ते घरून निघताना. तिथे पोहोचल्यावर त्याने ‘अर्धाच घोट’सुद्धा घ्यायचा नाही.
- रेल्वेने जा. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, लासलगाव, निफाड, नाशिक रोड ही सरळ लाइन आहे. धुळेकरांना चाळीसगावला गाडी बदलता येते. सगळ्या एक्स्प्रेस निफाडला थांबत नाहीत, तेव्हा मनमाड किंवा नाशिक रोडला उतरून तिथून गाडी करावी. परतीच्या डब्यात बाटली उघडू नका. रेल्वेच्या डब्यात किंवा आवारात नशेत सापडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली गुन्हा आहे.
- मुक्काम करा. जळगावकरांसाठी मला हाच पर्याय सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. दुपारी टेस्टिंग, रात्री नाशिकला किंवा वायनरीतच मुक्काम, सकाळी परत.

बरेच वाचक सप्तशृंगगड किंवा त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला जोडून वायनरी पाहायचं म्हणतात. जोडायला हरकत नाही, पण दर्शन आधी आणि टेस्टिंग दुसऱ्या दिवशी, असा क्रम ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटणार नसेल, तर त्यांना मधेच गाडीत बसवून ठेवण्यापेक्षा ही सहल वेगळी काढा. त्यांच्या श्रद्धेचा मान राहतो आणि तुमचाही वेळ मोकळा राहतो.

कोणी जावं, कोणी चव घेऊ नये

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, विशेषतः कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनी. राज्य उत्पादन शुल्क विभाग मद्यपानाचा परवाना एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन अशा तीन प्रकारांत देतो. तुम्हाला कुठला लागेल आणि तो तिथेच मिळेल का, याचं उत्तर वायनरीवाल्याला रोजच द्यावं लागतं. फोनवर विचारायला संकोच नको.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले लोक यांनी चव घेऊ नये. मेट्रोनिडॅझोल हे जुलाबावरचं औषध चालू असेल तर त्या आठवड्यात अजिबात नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण मद्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाइन हृदयाला चांगली असते, ती दारूत मोडत नाही, असं सांगून कुणाला चव घ्यायला लावू नका. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निक्षून सांगितलं आहे. चव घ्यायची ती आवड म्हणून, थोडी, आणि स्वतःच्या मर्जीने.

आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करणं हा प्रेमाचा भाग असतो. भरीत-भाकरीचा आग्रह जरूर करा. इथे मात्र ‘नको’ म्हणणाऱ्याचं पहिलंच ‘नको’ ऐका. घरातल्या स्त्रियांना चव घ्यायची असेल तर त्यांच्याकडे कुणी डोळे वटारू नयेत, आणि नसेल घ्यायची तर त्यांना मागासही ठरवू नये. न पिणाऱ्यालाही बाग आणि टाक्या पाहण्यात दिवस चांगला घालवता येतो.

बागेत: शेतकऱ्यासारखे प्रश्न विचारा

खान्देशातल्या वाचकांचा इथे फायदा आहे. ठिबक, कलमं, फवारणी, मजुरांची टंचाई आणि भाव या गोष्टी तुम्हाला शिकवाव्या लागत नाहीत. पुण्या-मुंबईचा पाहुणा ज्या प्रश्नापाशी थांबतो, तिथून तुमचं बोलणं सुरू होऊ शकतं. मालकही खुलतो, कारण असं विचारणारे त्याला कमी भेटतात.

विचारण्यासारखं पुष्कळ आहे. द्राक्षं स्वतःच्या बागेची की करारावर घेतलेली? करारावर असतील तर भाव आधी ठरतो की तोडणीच्या वेळी, आणि गोडी कमी भरली तर कपात किती? खाण्याच्या थॉमसन द्राक्षाच्या बागेत मणी टपोरा व्हावा म्हणून धडपड असते. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, सालीला जाड आणि बियांचा असतो, आणि तसाच हवा असतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. एकरी माल कमी ठेवावा लागतो. मग पैशाचा मेळ कसा बसतो, हे त्यांच्याकडून ऐका. साखर २२ ते २४ ब्रिक्सच्या आसपास आली की तोडणी धरतात. यीस्ट ती साखर खातं आणि तिचा मद्यार्क होतो. पांढऱ्या वाइनला रस सालीपासून लगेच वेगळा करतात, लाल वाइनला सालीसकट आंबवतात. एवढं माहीत असलं की टाक्यांपाशी चाललेलं काम समजतं.

गारपिटीचं वर्ष कसं काढलं, हेही विचारा. निफाडच्या बागायतदाराकडे या प्रश्नाचं उत्तर असतंच.

बागेत काही पथ्यं पाळा:

- घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झाली आहे ते तुम्हाला माहीत नसतं.
- पाय झाकणारे बूट घाला. बागेतली जमीन ठिबकने ओली असते.
- तळघरात आणि आंबवण्याच्या टाक्यांपाशी मुलांना एकटं सोडू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि तो खाली साचून राहतो.
- तोडणी करणाऱ्या बायका-माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. पेठ, सुरगाणा, कळवणकडून पोटासाठी आलेली ही माणसं आहेत. ती पहाटेपासून राबत असतात.
- ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी घ्या.

चव घेताना

त्या दिवशी सकाळी शेवभाजी, ठेचा, कच्चा कांदा टाळा. तंबाखू, गुटखा, पान तर नकोच, कारण नंतर दोन-तीन तास जिभेला बारीक चव कळत नाही. अत्तर आणि सेंट घरी ठेवा. त्याचा वास तुमच्याच नव्हे, शेजारच्याच्याही नाकात जातो. हलकी न्याहारी करून जा: पोहे, भाकरी-भाजी, काहीही.

वाइन बहुधा हलक्याकडून जडकडे देतात: आधी फेसाळ, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड. हा क्रम मोडायला सांगू नका. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून रंग पाहा, हलकं फिरवून वास घ्या, मग छोटा घोट तोंडभर फिरवा. गिळलंच पाहिजे असं नाही. टेबलावर थुंकण्यासाठी भांडं असतं, नसेल तर मागून घ्या. जाणकार माणसं दिवसभरात वीस-तीस वाइन तपासतात त्या थुंकूनच. त्यात काही असभ्य नाही.

माहितीपत्रकात ब्लॅकबेरी, एल्डरफ्लॉवर अशी नावं दिसतील. आपण कधी न खाल्लेल्या फळांचा वास शोधत बसू नका. स्वतःच्या आठवणीतले वास सांगा. सोव्हिन्यों ब्लांकमध्ये ढोबळी मिरची, कैरी, पेरू सापडतो. शिराझमध्ये काळी मिरी आणि जांभूळ. थंड तापमानाला आंबवलेल्या तरुण शेनिन ब्लांकमध्ये कधीकधी चक्क पिकल्या केळ्याचा वास येतो. जळगावकरांना तो सगळ्यांच्या आधी कळेल. त्यात केळं घातलेलं नसतं. आंबताना यीस्टमुळे आयसोअमाइल ॲसिटेट नावाचा पदार्थ तयार होतो, आणि पिकल्या केळ्याचा वास मुख्यतः त्याचाच असतो. हे तिथे बोलून दाखवा. मालकाने शेनिन किती अंशांवर आंबवली, इथपर्यंत गप्पा जातील.

दोन वाइनच्या मध्ये पाणी प्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला किंवा व्हिनेगरसारखी झणझण लागली, तर ती तुमच्या जिभेची चूक समजून गप्प बसू नका. ‘ही बाटली एकदा तुम्हीही पाहता का?’ असं नम्रपणे म्हणा. चांगला वाइनवाला लगेच दुसरी बाटली उघडतो. आवडली नाही, तर ‘मला ही फार तुरट लागली’ असं सांगायलाही हरकत नाही. ज्याने ती केली आहे त्याला खोट्या कौतुकापेक्षा हे ऐकणं उपयोगी पडतं.

खान्देशी जेवणाबरोबर कुठली वाइन जाईल, हा प्रश्न हमखास येतो. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शाबरोबर तुरट लाल वाइन घेतली तर तिखट आणखी जहाल लागतं. किंचित गोडसर, थंड शेनिन त्यापुढे टिकते. भरताच्या भाजक्या, धुरकट चवीबरोबर रोझे बरी लागते. हे माझं मत. तिथे विचारून, चाखून तुमचं ठरवा.

बाटली घेताना आणि घरी नेताना

चव घेतली म्हणून बाटली घेण्याचं बंधन नाही. पण यजमानाने तासभर दिला असेल आणि टेस्टिंगचे पैसेही घेतले नसतील, तर आवडलेली एखादी बाटली घेणं हा साधा सौजन्याचा व्यवहार आहे. छोट्या वायनरीसाठी दारात विकलेली बाटली महत्त्वाची असते. भाव करू नका. सहा बाटल्या घेतल्यास सवलत आहे का, एवढं विचारू शकता.

लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, मद्यार्काचं प्रमाण, ७५० मिली हे माप, बॅच, कमाल किरकोळ किंमत, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि आरोग्याचा इशारा पाहा. लेबल नसलेली, ‘घरची स्पेशल’ म्हणून दिलेली बाटली कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. तिच्यावर शुल्क भरलेलं नसतं आणि वाटेत तपासणी झाली तर अडकता तुम्ही.

खरी परीक्षा घरी पोहोचेपर्यंत असते. मार्चमधल्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत बाटली ठेवून जेवायला बसलात, तर वाइन शिजल्यासारखी होते आणि बूच वर सरकतं. खोका आणि बर्फाच्या पिशव्या सोबत न्या, बाटल्या शेवटच्या थांब्यावर घ्या. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात घरातली कुठलीच खोली वाइन साठवायला योग्य नसते. सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, आणि पांढरी व रोझे तर वर्षभरात संपवा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

राज्याच्या सीमेचं भान ठेवा

खान्देशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी सुरतेत, उधना-लिंबायतकडे असतं. त्यांच्यासाठी भेट म्हणून बाटली नेण्याचा विचार मनातून काढून टाका. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय एक बाटली बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. महाराष्ट्रातली पावती तिथे कामाला येत नाही. नवापूरचं रेल्वे स्थानक तर निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. भुसावळ-सुरत गाडीत पिशवीत बाटली असेल, तर कायदा फलाटावरच बदलतो. मध्य प्रदेशात सेंधवा किंवा बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्यांनीही लेबलवर ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ असं छापलं आहे का ते पाहावं. राज्यातल्या राज्यातही वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. जिल्ह्यात परत येतानाही पावती बाटल्यांसोबत ठेवा, घरी पोहोचेपर्यंत फेकू नका.

बिल आणि तुमचे हक्क

- सीलबंद बाटली घरी नेण्यासाठी घेतली, तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. टेबलावर बसून मागवलेल्या वाइनचा दर वेगळा असू शकतो. तो मेनूवर आधी पाहा.
- पिण्याच्या मद्यावर जीएसटी नाही, त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर असतो. खाण्यावर जीएसटी असतो. सगळं एकत्र करून एकच कर लावलेला दिसला, तर बिल फोडून मागा.
- उपाहारगृहात सेवा शुल्क बळजबरीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा सूचना दिल्या आहेत. बिलात ते आलं असेल तर काढायला सांगा. चालकाला, वाढणाऱ्याला खुशीने काही द्यायचं असेल तर हातात द्या.
- ठरलेल्या संख्येपेक्षा कमी वाइन दिल्या किंवा बागेची फेरी घडवलीच नाही, तर तिथेच शांतपणे सांगा. बहुतेक वेळा तिथेच मिटतं.
- मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बिल, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि फोननंतर पाठवलेला तो संदेश जपून ठेवा.

त्यानेही भागलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत. जळगावकराने जळगावात आणि धुळेकराने धुळ्यात अर्ज द्यायचा.